बंदुकीची सुई कां मोडते?

बंदूक म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें नळी येते, दस्ता येतो, चाप येतो. परंतु ज्या एका लहानशा तुकड्यामुळें बार उडतो, तो तुकडा बाहेरून कधीं दिसत नाहीं. बोटाएवढ्या लांबीची ही एक पोलादी कांडी असते आणि तिचें पुढचें टोंक शिसपेन्सिलींतील शिशाहून फारसें जाड नसतें. चाप ओढला कीं घोडा तिच्या पाठीवर आदळतो, तिचें टोंक काडतुसाच्या बुडांतील छोट्या टोपीला खळी पाडतें, टोपींतला मसाला पेटतो, त्याची ज्वाला दारूला लागते आणि गोळी सुटते. लष्करांत व पोलिसांच्या शस्त्रागारांत या कांडीला फायरिंग पिन म्हणतात. आजच्या बोलण्यांत मी तिला सुई म्हणणार आहें; तें नांव केवळ सोयीचें नाहीं, कारण आरंभीं ती खरोखरच सुई होती.

ही सुई कधीं कधीं मोडते, आणि पिस्तुलाचें काडतूस वापरणाऱ्या आंखूड बंदुका, म्हणजे ज्यांना कार्बाइन म्हणतात, त्यांच्या कांहीं जातींत तिच्यावर विशेष ताण पडतो. हा विषय शस्त्रागारांतील कारागिराचा, घरीं बसून ऐकणाऱ्या मंडळींना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण कार्बाइन असते ती पहाऱ्यावरील शिपायाच्या खांद्यावर. सुई मोडली तर ज्या एका क्षणासाठीं तें ओझें त्यानें वर्षानुवर्षें वाहिलें, नेमक्या त्याच क्षणीं तें निरुपयोगी ठरतें. आणि ती अर्धवट मोडून अडकली, तर चाप न ओढतांच बार उडूं शकतो. शिवाय ज्या कारणानें ही सुई मोडते, त्याच कारणानें आगगाड्यांचे आंस तुटले आहेत आणि १९५४ सालीं कॉमेट जातीचीं प्रवासी विमानें आकाशांत फुटलीं आहेत. तेव्हां विषय वाटतो तितका परका नाहीं.

प्रथम त्या मूळच्या सुईची हकीकत सांगतों. योहान निकोलाउस ड्रायझे या कारागिराची बंदूक प्रशियाच्या सैन्यानें १८४१ सालीं स्वीकारली. त्या काळीं इतर देशांचे बहुतेक शिपाई नळीच्या तोंडांतून दारू व गोळी ठासून भरीत. ड्रायझेच्या बंदुकींत काडतूस मागून भरतां येई, आणि तेंही जमिनीवर पडल्या पडल्या. काडतूस कागदाचें होतें. त्यांत विलक्षण गोष्ट अशी कीं, पेटविण्याचा मसाला काडतुसाच्या बुडाशीं नसून दारूच्या पुढें, गोळीच्या बैठकीला लावलेला असे. अर्थात् सुईला कागद भोंसकून सगळ्या दारूंतून पार जावें लागे. म्हणून ती गोणपाट शिवण्याच्या दाभणासारखी लांब व बारीक केलेली होती, आणि तिच्यावरूनच त्या शस्त्राला ‘सुईची बंदूक’ हें नांव पडलें. बार उडाला कीं ही सुई जळत्या दारूच्या ऐन पोटांत सांपडे. तापणें, गंजणें, झिजणें आणि शेवटीं मोडणें हा तिचा क्रमच ठरला होता. प्रशियन सैन्यानें यावर उपाय केला तो मोठा व्यवहारी. शिपायाजवळ जादा सुया दिल्या आणि रणांगणावर त्यानें स्वतःच सुई बदलावी अशी बंदुकीची रचना ठेवली. ३ जुलै १८६६ रोजीं क्योनिगग्रेट्स येथें ऑस्ट्रियावर प्रशियानें जो विजय मिळविला, त्यांत या बंदुकीचा वांटा मोठा होता. इतिहासकार त्याचें श्रेय तिच्या भरभर चालणाऱ्या माऱ्याला देतात. तें योग्यच आहे, पण शिपायाजवळच्या त्या जादा सुईलाही त्यांतला थोडा हिस्सा द्यावा असें मला वाटतें.

पुढें धातूचें काडतूस प्रचारांत आलें आणि मसाल्याची टोपी बुडाशीं आली. सुईला दारूंत शिरण्याचें कारण उरलें नाहीं. बोल्टाच्या तोंडाबाहेर तिनें एक-दीड मिलिमीटर डोकावलें कीं पुरे. ती आंखूड झाली, जाड झाली, आगीपासून दूर झाली. तरीही ती मोडत राहिली. तेव्हां केवळ उष्णता आणि गंज हें मोडण्याचें कारण नव्हे, हें उघड झालें.

पिस्तुलाचें काडतूस खांद्याच्या बंदुकींत वापरण्याची कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेंत विंचेस्टर कंपनीची १८७३ सालची बंदूक ज्या काडतुसावर चाले, तेंच काडतूस चार-पांच वर्षांत कोल्टच्या पिस्तुलालाही चालूं लागलें. घोडेस्वाराला एकाच पट्ट्यावर दोन्ही शस्त्रांची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, ब्रिटिशांनीं ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी स्टेन बंदूक काढली. त्यांच्या कागदोपत्रीं तिला ‘मशीन कार्बाइन’ असेंच म्हणत. तिच्यामागून आलेल्या स्टर्लिंगची रचना आपल्या देशानें घेतली आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरींत ९ मिलिमीटर कार्बाइन तयार झाल्या. नळीवर भोंकाभोंकांचें कवच आणि एका बाजूला वांकडें मॅगझिन, अशी ती आंखूड बंदूक आपणांपैकीं पुष्कळांनीं बंदोबस्ताच्या पोलिसांजवळ पाहिली असेल.

अशा बहुतेक बंदुकांची रचना अत्यंत साधी असते. मोठ्या रायफलींत बार उडतांना काडतुसाच्या मागचा बोल्ट कुलूप लावावें तसा अडकविलेला असतो. येथें कुलूप नाहीं. बोल्ट केवळ जड असतो. एक लहानसा हिशेब करून पाहूं. ९ मिलिमीटरची गोळी सुमारें ८ ग्रॅमांची, आणि ती सेकंदाला सुमारें ३८० मीटर वेगानें सुटते. बोल्ट ६०० ग्रॅमांचा धरला, तर त्याच धक्क्यानें तो सेकंदाला ५ मीटर वेगानें मागें रेटला जातो. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बोल्ट जेमतेम हललेला असतो, आणि तोंवर दाब उतरूं लागतो. कुलपाचें काम वजनावर भागविलें, त्यामुळें बंदूक स्वस्त झाली, तिचे भाग थोडे झाले.

पण त्या वजनाचा जाच सुईला होतो. हा अर्धा किलोहून जड बोल्ट प्रत्येक बाराला मागें जाऊन आदळतो, आणि स्प्रिंगच्या जोरानें पुढें येऊन पुन्हां आदळतो. ज्या कार्बाइनींत सुई बोल्टाच्या पोटांत सुटी बसविलेली असते, तेथें बोल्ट थांबला तरी आंतली सुई थांबत नाहीं. आगगाडी एकाएकीं थांबल्यावर उभा उतारू पुढें कोलमडावा, तशी ती पुढें जाते आणि तिचा खांदा आंतल्या अडसरावर आपटतो. म्हणजे एका बारामागें घोड्याचा एक ठोसा आणि बोल्टाचे दोन. त्यांत वायूच्या दाबाची भर पडते. ९ मिलिमीटर काडतुसांत हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारें २३०० पटींपर्यंत जाऊं शकतो. टोपीच्या पत्र्यामागून तो सुईच्या टोंकावर येतो. टोंकाचा व्यास पावणेदोन मिलिमीटर धरला, तर त्या इवल्याशा टोंकावर पन्नास किलोंच्या वर भार पडतो. आणि रिकामी पुंगळी बाजूला फेकली जाईपर्यंत सुई मागें सरकली नसेल, तर तिला आडवा हिसकाही बसतो.

एवढें ऐकल्यावर श्रोते म्हणतील कीं, मग सुई मोडली तर नवल काय! येथेंच गोष्ट वाटते त्याहून निराळी आहे. या आघातांपैकीं एकही आघात नव्या, निर्दोष सुईला मोडण्याइतका मोठा नसतो. पहिल्या बाराला जो ठोसा बसला, तोच हजाराव्या बाराला बसतो. पहिल्यानें जें झालें नाहीं तें हजाराव्यानें कां व्हावें? मोडलेली सुई हातांत घेतली तर ती वांकलेली नसते, ताणलेली नसते. पोलाद जणूं कांचेसारखें तुटलेलें दिसतें. मग कारखान्यानें कच्चें पोलाद वापरलें असा आरोप होतो. आणि तो पुष्कळदां खोटा असतो.

हेंच कोडें एकोणिसाव्या शतकांत आगगाड्यांच्या आंसांनीं घातलें होतें. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आंस म्युदाँजवळ तुटला. डब्यांच्या दारांना बाहेरून कुलुपें होतीं. आग लागली आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या काळीं लोकांची समजूत अशी कीं, हादऱ्यांनीं लोखंडाची जात बदलते, त्याचे तंतु जाऊन स्फटिक बनतात आणि तें ठिसूळ होतें. रँकिन नांवाच्या एका तरुण स्कॉटिश एंजिनियरानें १८४३ सालीं तुटलेले आंस तपासून निराळेंच सांगितलें. आंस जेथें जाडीहून बारीक होतो, त्या कोंपऱ्यांत प्रथम तडा जातो. तो भोंवतालून हळूहळू आंत सरकतो. आणि मधला शाबूत गाभा भार सोसण्यास अपुरा झाला कीं आंस एका झटक्यांत तुटतो. त्याचा उपायही त्यानें सांगितला, तो असा कीं कोंपरा तीक्ष्ण न ठेवतां तेथें वळण द्यावें. यानंतर जर्मनींत व्योलर या रेल्वेच्या अधिकाऱ्यानें आंसांचे नमुने यंत्रावर लक्षावधि वेळां ताणून-वांकवून पाहिले आणि दाखविलें कीं, भार थोडा पण वारंवार असेल तरी पोलाद तुटतें. मात्र भार एका मर्यादेखालीं ठेवला तर तें जणूं अमर होतें. १९०३ सालीं युइंग आणि हंफ्री यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं लोखंडाच्या कणांत वारंवार ताणामुळें प्रथम बारीक रेघा उमटतात आणि त्या रेघांचेच पुढें तडे होतात, हें प्रत्यक्ष पाहिलें. एंजिनियर या प्रकाराला धातूचा थकवा म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यांत एक फसगत आहे. थकलेला माणूस रात्रभर निजला कीं ताजातवाना होतो. थकलेली सुई कपाटांत वर्षभर पडून राहिली तरी तिचा तडा बुजत नाहीं.

आतां सुईकडे परत येऊं. तिचें मागचें अंग जाड आणि टोंक बारीक असतें. जाडीचें बारीक जेथें होतें, त्या पायरीला खांदा म्हणतात, आणि बहुतेक सुया मोडतात त्या खांद्याशींच. कापडाच्या दुकानांत आपण पाहतों कीं, दुकानदार थान हातानें फाडण्यापूर्वीं कांठाला कात्रीनें एक लहानशी खाच पाडतो. मग ज्या कापडाला दोन माणसें ओढून फाडूं शकलीं नसतीं, तें एका हिसक्यांत टरकतें. कारण हाताचा सगळा जोर त्या खाचेच्या टोंकाशीं एकवटतो. सुईच्या खांद्याचा कोंपरा काटकोनी आणि तीक्ष्ण असेल, तर ती कात्रीची खाचच समजावी. कारखान्यांत चरकावर सुई कांततांना राहिलेला हत्याराचा एखादा ओरखडाही तेंच काम करतो.

यावर एक शंका येईल. घोडा तर सुईला मागून पुढें ढकलतो, म्हणजे दाबतो. आणि दाबानें तडा उघडत नाहीं, मिटतो. मग ती ओढल्यासारखी तुटते कशी? उत्तर मोठें मनोरंजक आहे. ठोसा बसला कीं दाबाची एक लाट सुईच्या अंगांतून पुढें धांवते. पोलादांत तिचा वेग सेकंदाला सुमारें ५ किलोमीटर. बोटभर सुई ती सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास ओलांडते. पुढें टोंकाशीं कांहींच नसेल, तर ती लाट तेथून उलट फिरते, आणि फिरतांना दाबाची लाट ओढीची होऊन येते. त्यांत खांदा अडसरावर थांबला म्हणजे बारीक टोंक आपल्याच वेगानें पुढें जाऊं पाहतें. ओढ बसते ती नेमकी खांद्याच्या कोंपऱ्यावर. टोंकासमोर काडतुसाची टोपी असेल, तर तिचा मऊ पितळी पत्रा खळी पडतां पडतां हा जोर बराचसा गिळून टाकतो. टोपी नसेल, तर सगळा जोर सुईलाच पचवावा लागतो.

म्हणून रिकाम्या बंदुकीचा चाप ओढूं नये, हा जुन्या कारागिरांचा धाक उगाच नाहीं. ‘बंदूक रिकामी आहे, काय होणार!’ असें म्हणून खटखट चाप ओढणारा माणूस बंदुकीचेंच नुकसान करतो, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. कांहीं आधुनिक बंदुकांची रचना हें सोसण्याजोगी असते. पुष्कळ जुन्यांची नसते. बँकेच्या दारांत उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची दुनळी घ्या: तिच्या सुया कार्बाइनच्या सुयांहून निराळ्या घाटाच्या असल्या तरी त्यांनाही हाच न्याय लागूं आहे. सरावासाठीं चाप ओढायचाच असेल, तर स्प्रिंगची किंवा रबराची गादी बसविलेलें खोटें काडतूस मिळतें, तें नळींत घालून ओढावा.

मग सुई अधिक कठीण पोलादाची कां करूं नये? हा उपाय प्रथम सुचतो आणि बहुधा तोच घात करतो. पोलादाला पाणी देणें ही कला आपल्याकडील तलवारीच्या कारागिरांना चांगली ठाऊक होती: तापवून एकदम थंड केलें कीं तें कठीण होतें, पण ठिसूळही होतें, पुन्हां मंद आंच दिली कीं थोडी कठिणता जाऊन चिवटपणा येतो. सुईचें पाणी कमी पडलें तर टोंक चेपून छत्रीसारखें पसरतें. जास्त झालें तर खांद्याशीं तडा लौकर धांवतो. या दोहोंमधील वाट अरुंद आहे. त्याहून सोपी आणि हमखास वाट रँकिनचीच: खांद्याला गोल वळण द्यावें, अंग गुळगुळीत करावें. बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग आंतल्या आंत दाबून ठेवण्याचीही एक युक्ति आहे; दाबलेल्या कातडीला तडा सहजासहजीं सुरू होत नाहीं. उलट गंज लागूं नये म्हणून सुईला अम्लांत बुडवून चकचकीत मुलामा देणें अंगाशीं येऊं शकतें, कारण त्या क्रियेंत हायड्रोजन वायु कठीण पोलादांत शिरतो आणि त्याला आंतून ठिसूळ करतो. मुलामा दिल्यावर सुई लगोलग कांहीं तास भट्टींत तापवून तो वायु घालविला नाहीं, तर दिसायला सुंदर आणि स्वभावानें दगाबाज अशी सुई हातीं येते.

स्टेन बनविणाऱ्यांनीं या सगळ्या कटकटींतून एका फटक्यांत सुटका करून घेतली. त्यांनीं सुटी सुई ठेवलीच नाहीं. बोल्टाच्या तोंडावरच एक लहानसा उंचवटा कोरला. अमेरिकेच्या थॉमसन बंदुकींतही आरंभीं सुटी सुई व घोडा होता, पण १९४२ सालच्या एम-वन-ए-वन नमुन्यांत त्यांनीं हीच वाट धरली. मोडण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. अशा बंदुकींत बोल्ट मागें ओढलेला उभा असतो. चाप ओढला कीं तो पुढें धांवतो, काडतूस नळींत ढकलतो आणि त्याच दमांत उंचवटा टोपीवर आदळतो. किंमत एवढीच कीं, बोल्ट पुढें गेला म्हणजे बार उडालाच. भरलेली स्टेन दस्त्यावर आपटली, तर बोल्ट हिसक्यानें मागें जाऊन पुढें येई आणि चाप न ओढतां गोळी सुटे. या खोडीसाठीं ती सैनिकांत कुप्रसिद्ध होती.

आतां सुटी सुई अर्धवट मोडण्यांतला धोका लक्षांत येईल. खांद्याशीं तुटलेलें टोंक पुष्कळदां खालीं पडत नाहीं. बोल्टाच्या तोंडांतल्या भोंकांत तें पुढें डोकावून अडकून बसतें. म्हणजे घोडा व सुटी सुई असलेली सभ्य कार्बाइन न सांगतां न विचारतां स्टेन बनते. फरक इतकाच कीं, स्टेन तशी आहे हें शिपायाला माहीत असतें. येथें तो बोल्ट सोडतो तो फक्त काडतूस भरण्यासाठीं, आणि बार उडतो. पुढचें काडतूस आपोआप भरलें जातें, तेंही उडतें, आणि मॅगझिन संपेपर्यंत ती थांबेलच असा भरंवसा नसतो. काडतूस नळींत पुरतें बसण्याआधींच टोपीला टोंक लागलें, तर पुंगळी उघड्यावर फुटून बंदूक धरणाराच जायबंदी होतो. यासाठीं भरतांनाही नळीचें तोंड सुरक्षित दिशेलाच असावें, हा नियम शिस्तीपुरता नाहीं.

उलट चाप ओढूनही बार उडाला नाहीं, तर लगेच बोल्ट उघडून आंत डोकावणें हा दुसरा अविचार. सुईचा ठोसा लंगडा पडला असला तर टोपींतला मसाला कधीं कधीं धुमसतो आणि क्षणभरानें पेटतो. नळी निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावें, मग काडतूस काढावें. टोपीवर खळी मुळींच नसेल किंवा पुसट असेल, तर सुई तपासण्याची वेळ झाली.

शस्त्रागारांतील जाणता कारागीर तर सुई बाहेर काढण्यापूर्वींच रिकाम्या पुंगळ्यांवरून तिची प्रकृति ओळखतो. टोपीवरील खळी मध्यभागीं, गोल, गुळगुळीत आणि प्रत्येक पुंगळीवर सारख्याच खोलीची असेल तर सुई धड आहे. खळी उथळ होत चालली असेल तर टोंक झिजलें आहे किंवा घोड्याची स्प्रिंग मंदावली आहे. खळीच्या तळाशीं कंगोरा उमटत असेल तर टोंकाचा टवका उडाला आहे. टोपीला आरपार भोंक पडून भोंवतीं काळें वर्तुळ दिसत असेल तर जळता वायु मागें निसटतो आहे, आणि त्याच्या झोतानें टोंक करपून खडबडीत होत असलें पाहिजे. त्या खडबडीतून पुढचा तडा निघतो. मग तो सुई काढतो, रॉकेलनें धुतो आणि भिंगाखालीं धरून फिरवीत खांदा पाहतो. जेथें साधन आहे तेथें तिला चुंबकत्व देऊन तिच्यावर लोखंडाचा बारीक कीस सोडतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यावर तो कीस रांगेनें चिकटतो. खांद्याशीं अशी केसाएवढी रेघ उमटली तर ती सुई पुन्हां बोल्टांत जात नाहीं. तिचे दोन तुकडे करून भंगारांत टाकतात, म्हणजे चुकूनही ती दुसऱ्या कोणाच्या बंदुकींत बसूं नये.